भिंतीवरचे तीन ठोके

पगारे, उद्या प्रज्ञा येतेय, तुझं घर आवरायला. मला तिला एक गोष्ट सांगायची आहे आणि गेले अठरा दिवस माझी जीभ उचलत नाही. बायकोला, सुमनलासुद्धा सांगितलेलं नाही. म्हटलं, आधी तुला सांगून बघू. आयुष्यात पहिल्यांदा तू मध्ये तोंड घालणार नाहीस, तेवढीच सोय.

गोष्ट तुला माहीत आहे, पण अर्धी, तुझ्या बाजूची. त्या शनिवारी सकाळी तू भिंत वाजवलीस. तीन ठोके, मग थांबून पुन्हा तीन. भिंतीपलीकडे माझं घर, पण घरात मी नव्हतो. डोंबिवलीहून आलेली चार पोरं-पोरी होती, दोन दिवसांची पाहुणी. त्यांतल्या एकीनं मला मेसेज केला, की शेजारचे काका भिंत वाजवताहेत, आमचा त्रास होतोय का? मी तेव्हा गंगापूर रोडला मेथीची जुडी निवडत उभा होतो. मी लिहिलं, "जुनी खोड आहे त्यांची. लक्ष देऊ नका. मजा करा." आणि मेथी घेऊन मुलाच्या फ्लॅटवर गेलो.

झालं. सांगायचं आहे ते एवढंच. तुला सांगायला पाच ओळी लागल्या. तुझ्या पोरीला कसं सांगू ते कळत नाही.

मी लोकांना नेहमी सांगतो की आपली ओळख एकलहऱ्याची. थर्मल वीजकेंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये माझा पहिला दिवस. कानठळ्या बसवणारा आवाज, आणि मी निफाडकडच्या खेड्यातून आलेला, बेंबीच्या देठापासून ओरडून तुला विचारतोय, मी उभं कुठं राहायचं? तू खिशातून दहा-अकराचा पाना काढलास, रेलिंगवर एक ठोका दिलास आणि पाठ करून चालू लागलास. म्हटलं, लय शिष्ट दिसतो हा माणूस. मग कॅन्टीनमध्ये तू चहाच्या ग्लासावर चमचा वाजवून शिकवलंस. एक ठोका म्हणजे आहे, ठीक आहे. दोन म्हणजे इकडे ये. तीन म्हणजे हातातलं टाक आणि पळत ये. "तीन उगाच वाजवायचे नाय, बोराडे," तू म्हणालास. "एकदा उगाच वाजवले, तर पुढल्या वेळेला कोण येणार नाय." आपली सगळी नोकरी एका शिफ्टमध्ये गेली, पण तुझ्या पान्याचे तीन मी बोटांवर मोजण्याइतकेच ऐकले. प्रत्येक वेळी धावलो. प्रत्येक वेळी खरंच काहीतरी होतं.

पुढे जेल रोडच्या कॉलनीत आपली रो-हाउसं शेजारी-शेजारी आली. ओळीतलं शेवटचं तुझं, त्याच्या अलीकडचं माझं. बिल्डरनं मधली भिंत चार इंचीच घातली होती. तू शिंकलास तर आमची सुमन इकडून "जीते रहो" म्हणायची. सामान उतरवलं त्याच दिवशी तू पाना घेऊन भिंतीजवळ उभा राहिलास आणि दिलास एक ठोका. मी लाटण्यानं परत दिला. त्या दिवसापासून सकाळी सहाला तुझा एक आणि माझा एक. उठलो, आहे, ठीक आहे. रविवारी दोन, म्हणजे चहा. लता वहिनी कपाळाला हात लावायच्या. म्हणायच्या, "भाऊजी, घरात फोन आहेत हो." फोन होते. पण फोन करायचा म्हणजे बोलायला काहीतरी लागतं ना.

घरच्या भिंतीवर तीन मी एकदाच वाजवले. सुमन न्हाणीत पडली तेव्हा. मला एकट्याला तिला उचलता येईना. तू कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारून आलास, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या तोंडाला फेस. तसाच रिक्षात बसलास. दवाखान्यातल्या बाईनं तुला बघून विचारलं, पेशंट कोण? मी त्या भीतीतही हसलो आणि तू मला शिव्या घातल्यास. सुमन तुला दर वेळी सांगायची, "भावजी, त्या दिवशी तुम्ही नसता तर मी नसते." मी कधी म्हणालो नाही. आता म्हणतो. तुझे उपकार माझ्या चामड्याचे जोडे करून फिटणार नाहीत. आणि मी ते कसे फेडले, ते तू बघितलंसच.

आपल्या भागाचं काय झालं, ते तू माझ्याहून जवळून पाहिलंस. एके काळी जेल रोडला पाहुणा यायचा तो कुणाचं तरी लग्न असेल तर, नाहीतर कुणीतरी गेलं असेल तर. पर्यटक पंचवटीत. रामकुंड, मंदिरं, सगळं तिकडं. आपण त्यांना फक्त स्टेशनवर रिक्षावाल्यांशी हुज्जत घालताना बघायचो. मग पंचवटीत पाय ठेवायला जागा उरेना. द्राक्षबागा बघायला शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा, कुणाला त्र्यंबक, कुणाला पुढे शिर्डी, आणि त्यात सिंहस्थ तोंडावर. आपली कॉलनी स्टेशनजवळ, गोदेवरचा दसकचा घाट हाकेच्या अंतरावर. कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि बघता बघता एकेक घराचं होम-स्टे झालं. फाटकाला आकड्यांची डबी लागली, तिच्यात किल्ली. गच्चीवर लुगडी-पायजमे वाळायचे, तिथं एकसारख्या पांढऱ्या चादरी. कोपऱ्यावरचा किराणावाला सुटे डाळ-तांदूळ ठेवायचा, तो बर्फ आणि कागदी ग्लास ठेवायला लागला. सकाळी नळाला पाणी आलं की बायकांची गडबड व्हायची, ती बंद झाली. त्या जागी चाकांच्या बॅगांची खडखड. गणपतीची वर्गणी मागायला आपण दोघं गेलो, तर चार दारं लागोपाठ अनोळखी माणसांनी उघडली. एकानं वर्गणी दिली, वर विचारलं, "अंकल, कौनसा टेम्पल है?"

तू पाहुण्यांच्या विरोधात होतास असं कुणी म्हणू नये, म्हणून लिहून ठेवतो. तुझ्याइतकं पाहुण्यांवर प्रेम कुणी केलं नाही. पुण्याचं एक जोडपं तुला पांडवलेण्याचा रस्ता विचारायला गेलं. "पांडवलेणी नाय, त्रिरश्मी लेणी म्हणा," इथून सुरुवात. नुसता रस्ता सांगून तुझं भागतंय होय? सोबतच गेलास. पायऱ्या चढून वर, प्रत्येक लेणं, प्रत्येक शिलालेख, कुणी दान दिलं, कोणत्या व्यापाऱ्यानं, कोणत्या बाईनं. तीन तास! ते बिचारं जोडपं उन्हानं लाल झालं, पण जाताना तुझ्या पाया पडून गेलं. तू कॉलर ताठ करून मला सांगत होतास आणि मी म्हणालो, छळलंस त्यांना. "छळलं कशाला? घरी आलेल्या माणसाला आपण कोन हाय ते कळाय पायजे," तू म्हणालास. "आन आपल्याला तो कोन हाय ते. नायतर मग ती धर्मशाळा, बोराडे."

हाच आपला वाद. अर्धाच राहिला.

सुमनचे गुडघे गेले, जिना चढवेना. आमच्या निलेशच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटला लिफ्ट होती. आम्ही तिकडे गेलो आणि घराचं काय करायचं हा प्रश्न आला. तू म्हणालास, भाडेकरू ठेव. आणि नुसतं म्हणून थांबलास का? नाही. दुसऱ्या दिवशी एक कुटुंब घेऊन दारात हजर. एस.टी.तला कंडक्टर, त्याची बायको, दुसरीतली मुलगी. ती बाई स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवून बघत होती, मुलगी जिन्यावर चढ-उतर करत होती, आणि तू असा उभा, जसं काही तूच घरमालक. मी म्हणालो, कळवतो. कळवलं नाही. निलेश म्हणाला, "बाबा, भाडेकरू घुसला की निघत नाही. पाहुणे दोन दिवसांत आपोआप जातात." मला पटलं. खरं सांगू? मला पटवूनच घ्यायचं होतं. माझं घर फोटोत देखणं दिसायला लागलं होतं ना. घराला नाव दिलं 'गोदा निवांत'. तू फाटकावरची पाटी वाचलीस आणि म्हणालास, "निवांत कोन? तू तर पळून गेलास." मी म्हणालो, "पळालो नाही, तिकडून लक्ष ठेवणार आहे." "उंटावरून शेळ्या हाक," तू म्हणालास आणि आत गेलास.

मी गेल्यावरही सकाळी सहाला तुझा ठोका सुरूच. पलीकडे मी नाही हे ठाऊक असून. पाहुणे दचकायचे. एकाला वाटलं चोर शिरला. एकीनं ॲपवर लिहिलं, घर छान, परिसर शांत, पण शेजारचे म्हातारे गृहस्थ पहाटे भिंत ठोकतात. तिनं एक तारा कापला. मी तणतणत आलो. तो दिवस मला आता रोज आठवतो.

"पगारे, बंद कर ते ठोकणं. पलीकडे मी नाही."

"मला ठाऊक हाय तू नाय."

"मग कशाला वाजवतोस?"

"कोनीतरी परत देतंय का बघतो. मागल्या महिन्यात एका पोरानं दिला की."

"लोक तक्रार करतात. माझे तारे जातात."

"तारे?" तू हसलास. "भिंत निम्मी माझी हाय, बोराडे."

"मग तुझ्या निम्म्यावर वाजव. माझ्या निम्म्यात आवाज येता कामा नये."

हे मी बोललो. तुझ्याशी. माझ्या नाकावर राग आहे हे तुला नवीन नव्हतं, एरवी तू चार शिव्या हासडल्या असत्यास आणि विषय संपला असता. त्या दिवशी तसं झालं नाही. माझ्याकडे बघितलंस, पाना उचललास आणि कपाटात ठेवलास. मी घरी जाऊन त्याच तिरमिरीत पाहुण्यांसाठी नियमांचा कागद छापून घेतला. चपला बाहेर काढाव्यात, कचरा डब्यात टाकावा, आणि शेजारच्या घरातून भिंतीवर आवाज आल्यास दुर्लक्ष करावे. लॅमिनेट करून दारामागे लावला.

दुसऱ्या दिवसापासून ठोका बंद. कुणाची तक्रार नाही. मी मनात म्हणालो, रुसलाय, रुसू दे, चार दिवसांनी येईल ताळ्यावर. चार दिवसांचे सहा महिने झाले. मी चादरी बदलायला यायचो, तू व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेला असायचास. सुरुवातीला विचारायचास, "चहा?" मी गाडीची किल्ली हलवत म्हणायचो, "घाईत आहे रे, दोनला पाहुणे येताहेत." दिवाळीच्या आधी तू विचारणं सोडलंस. मी फाटकातून घाईनं आत शिरायचो, उधारी थकवलेला माणूस दुकानासमोरून जातो तसा. तू एकटा, वहिनी गेलेल्या, पलीकडे मोकळा प्लॉट, अलीकडे दर दोन दिवसांनी बदलणारी तोंडं. हे सगळं मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्या शनिवारचा मेसेज मी अजून पुसलेला नाही. ती पोरगी भली होती, मराठीतच लिहिलं होतं तिनं. "काका, नियमांत लिहिलंय की आवाजाकडे दुर्लक्ष करा, पण ते बराच वेळ वाजवताहेत. तीन-तीनदा. आम्ही गाणी बारीक केलीत. जाऊन विचारू का?" तीन-तीनदा. लिहिलं होतं. जाऊन विचारू का, हेही लिहिलं होतं. मी पहिली ओळ वाचली आणि पुढचं वाचण्याआधी माझा अंगठा उत्तर लिहायला लागला होता. भाजीवाली म्हणत होती, काका, लवकर निवडा.

रविवारी दुपारी चादरी बदलायला आलो. पोरं सकाळीच गेली होती. घर लख्ख ठेवलं होतं त्यांनी, भांडीसुद्धा घासून. टेबलावर चिठ्ठी, "शेजारच्या काकांना सॉरी सांगा. नंतर आम्ही गाणी बंदच ठेवली." मी चिठ्ठी वाचली आणि हसू आलं. म्हटलं, पगारेला दाखवू, या निमित्तानं अबोला तरी सुटेल. उशीचे अभ्रे काढता काढता डोक्यात आलं, सहा महिन्यांत तू भिंतीला बोट लावलं नव्हतंस. मग ही खोड कुठली? खोड तर तू मोडली होतीस. माझ्यासाठी मोडली होतीस. मी खिशातून फोन काढला आणि तो मेसेज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला.

मी भिंतीवर मुठीनं ठोकलं. एक. मग दोन. मग तीन, किती वेळा ते आठवत नाही. तू मला दिलेली तुझ्या घराची किल्ली माझ्या जुडग्यात होती, ती लावायला तीनदा चुकलो.

तू पलंग आणि भिंत यांच्यामध्ये होतास. बसलेला. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. पाना पलंगाखाली घरंगळला होता. भिंतीचा गिलावा एका जागी उडाला होता, रुपयाएवढा, खालची वीट दिसत होती. दहा-अकराच्या पान्यानं इतका गिलावा उडवायला किती वेळ लागतो, हे मला कळतं, पगारे. आयुष्यभर तेच काम केलंय. डॉक्टर आले, म्हणाले, हार्ट. मी विचारलं, लगेच? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लगेच गेलेले दिसत नाहीत. वेळेत हलवलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही." सांगता येत नाही, हेच आता मला उरलेल्या दिवसांत पुरणार आहे.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात बसायला जागा नव्हती. बौद्धाचार्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी काय बोललो असेन? टर्बाइन हॉल सांगितला, पान्याची भाषा सांगितली, अर्ध्या दाढीचा किस्सा सांगितला. लोक हसले, मग डोळे पुसले. एक जुना सहकारी मला मिठी मारून म्हणाला, "असा शेजार मिळायला भाग्य लागतं." मी मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. प्रज्ञा समोर बसली होती, पांढऱ्या साडीत, आणि माझ्याकडे बघून हात जोडत होती.

तू असतास तर म्हणाला असतास, "गुमान सांगून टाक, बोराड्या, नखरे कशाला करतोस?" बघू उद्या.

*

काल इथवर लिहून कागद मिटला होता. आता आज काय झालं ते.

प्रज्ञा सकाळच्या गाडीनं अंबरनाथहून आली, एकटीच. मी गेलो तेव्हा तिनं तुझे शर्ट घडी करून खाटेवर रचले होते. लेण्यांच्या माहितीच्या तुझ्या वह्या एका पिशवीत, वहिनींचा फोटो पेपरात गुंडाळलेला. मला बसवलं. तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच पातेल्यात चहा केला. मी म्हटलं, चहा संपला की सांगायचं.

तीच आधी बोलली. ओळीतल्या दोन-तीन होम-स्टेंची किल्ली-चावी बघणारा एक माणूस तिला भेटून गेला होता. "काका, तो म्हणतो, हे घर तुमच्या घराला जोडलं तर दहा-बारा जणांचा ग्रुप उतरेल. सिंहस्थाला तर रांग लागेल. मधली भिंत तेवढी काढावी लागेल." तिनं भिंतीकडे पाहिलं. गिलावा उडालेल्या जागेपुढे तिनं एक कपाट सरकवलं होतं. तिला ते जुनं कुठलं तरी भोक वाटलं असणार. "मला यातलं कळत नाही. तुम्हाला अनुभव आहे. तुम्ही म्हणाल तसं करू. बाबांच्या बाबतीत मी तुमच्यावरच टाकून निर्धास्त होते ना."

"निर्धास्त?" मी म्हणालो.

"म्हणजे काय! दिवाळीत मी त्यांना न्यायलाच आले होते. बॅग भरली होती, तिकीट काढलं होतं. ऐन वेळी म्हणाले, येत नाही. म्हणे, बोराडे आठवड्यातून दोनदा येतो, आमचा चहा होतो, गप्पा होतात. मी अंबरनाथला येऊन बसलो तर तो बिचारा कुणाकडे जाईल? मी रागावले त्यांच्यावर. पण मग वाटलं, ठीक आहे, काका आहेत." तिचे डोळे भरले. "तुम्ही होतात म्हणून हो, काका. नाहीतर मी त्यांना एकटं सोडलंच नसतं."

गाढवा, दिवाळीत आपण एकमेकांशी धड बोलत नव्हतो! तू पोरीशी खोटं बोललास. का बोललास? मला वाईट ठरवायचं नव्हतं म्हणून? की मी येईन असं तुला खरंच वाटत होतं? तुला हे घर सोडायचं नव्हतं, एवढंच का म्हणाला नाहीस? मला विचारायचं आहे, आणि आता कुणाला विचारू?

गप्प बसायला याहून सोपी वेळ मला मिळाली नसती. तिला समाधान होतं, मला मान होता, तू तर बोलणारच नव्हतास. माझ्या हातात कप होता आणि त्यातला चहा संपला होता. मी कप खाली ठेवला, फोन काढला, तो मेसेज उघडला आणि तिच्यापुढे धरला.

तिनं वाचलं. खालचं माझं उत्तर वाचलं. मग वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिला तीनचा अर्थ सांगावा लागला नाही, ती याच घरात लहानाची मोठी झाली. तिनं कपाटाकडे पाहिलं, मग उठून ते दोन्ही हातांनी बाजूला सरकवलं आणि ती उडालेली जागा बघत उभी राहिली. मी बोलत होतो. मेथी, भाजीवाली, नियमांचा कागद, तारे, भांडण, सगळं. काही ठेवलं नाही. मध्ये मला रडू आलं आणि मला त्याची लाज वाटली, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं त्या विटेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळली, आणि तिचा आवाज अगदी लहान होता, शाळेत जायची तेव्हासारखा.

"पण चहाला येत होतात ना, काका?"

तिला तेवढंच हवं होतं, पगारे. ते शेवटचे सहा महिने तू एकटा नव्हतास, इतकंच. मी हो म्हणालो असतो तर तिनं मला कदाचित क्षमाही केली असती. आणि तू तर ते खोटं आधीच तयार करून ठेवलं होतंस, मला फक्त मान हलवायची होती.

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाटेपाशी गेली, पाठ करून बसली आणि तुझा वरचा शर्ट उचलून पुन्हा नव्यानं घडी घालायला लागली. मी उभा राहिलो. काय करावं सुचेना, कप विसळून ठेवू का, हा एक वेडा विचार मनात आला. दारापर्यंत गेलो, तेव्हा ती मागे न बघता बोलली.

"काका, जाताना दार ओढून घ्या."

मी दार ओढून घेतलं.